अनसूयेची ती अट मी का गाळते

दत्तजयंतीचं कीर्तन उरकलं की कुणीतरी गाठतंच. ‘ताई, जन्माख्यानात ती अट सांगितलीच नाहीत. लाजलात का?’ लाजले नाही. एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे दर मार्गशीर्षात तेच नको.

पूर्वी मी गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली कथाच लावायचे. ब्रह्मा, विष्णू, महेश तिघे अनसूयेकडे अतिथी होऊन येतात, विवस्त्र होऊन वाढ अशी अट घालतात, आणि सतीपुढे तिघांची तान्ही बाळं होतात. ठसक्यात सांगायचे! एका वर्षी नेमकी अट आली आणि पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागला. दोघे हसले. पेटीवाला मान खाली घालून सूर धरून बसला. त्यांच्या मागेच एक लहान मुलगी आईला विचारत होती, ‘देव असं का म्हणाले?’ आईने तिला दटावलं. सत्त्वपरीक्षा, पातिव्रत्य, सगळे शब्द माझ्याकडे तयार होते. तोंडातून एकही निघेना. मी सरळ पाळण्यावर आले. बायकांनी दोरी धरली, हसणारेही फुलं टाकायला पुढे झाले.

तेव्हापासून भागवताचा चौथा स्कंध. अनसूयेचे पती अत्री ऋषी ऋक्ष पर्वतावर शंभर वर्षं एका पायावर उभे. हाक एकाच जगदीश्वराला, आले तिघे. ‘तू ज्याचं ध्यान केलंस ते आम्हीच,’ म्हणाले. कथा स्वच्छ आहे. पण तिथे सोम, दत्त, दुर्वास असे तीन वेगळे मुलगे होतात. तीन शिरांचा दत्त काही मिळत नाही. तो गुरुचरित्रातला. तिथे चंद्र आणि दुर्वास निरोप घेतात आणि मागे राहिलेल्या दत्तात तिन्ही मूर्ती एकवटतात. म्हणजे समोर मूर्ती एका कथेची आणि आख्यान दुसरीचं. हो, करते मी तसं. चार श्वान म्हणजे वेद, गाय म्हणजे पृथ्वी, मुखं म्हणजे उत्पत्ती-स्थिती-लय, याला कुणी हरकत घेत नाही. हसतही नाही.

एक बुवा मात्र कडाडले, ‘भागवतात अनसूयेला काम काय? नवऱ्यामागून डोंगरावर जाते, बस्स. तिचा पराक्रम तूच पुसलास.’

खरंच आहे ते. तरुणपणची मीही हेच म्हणाले असते, आणखी जोरात. तिला विचारते, तेज दाखवायला बाईलाच का उभं करायचं? ती म्हणते, परीक्षा घ्यायला आलेले रांगायला लागले, आणखी काय हवं?

तिला काय सांगू? यंदाही भागवतच लावणार आहे.