आमची वाटचाल: साडेचार फुटी लेथ आणि एक जुनी थकबाकी

भोसरीतले एक गृहस्थ अजूनही चहाच्या टपरीवर सांगतात म्हणे, "धायरीतल्या त्या लेथवाल्याला मीच उभं केलं." लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं मशीन. त्यावरच्या आमच्या वर्कशॉपला पंचवीस वर्षं झाली, आता वाटचाल लिहून काढा, असा मुलाचा आग्रह होता. मी लिहायला बसलो ते मुख्यतः हे वाक्य खोडायला. बाकीचं ओघात येईल.

मी चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअर्सला होतो. बार मोजून घ्यायचे, चलनं फाडायची. शॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे लोक मिलिमीटरच्या शतांशाच्या गोष्टी करायचे आणि मी बाहेर टनाच्या. १९९९ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या पैशातून लोकांनी फ्लॅट बुक केले, मी भोसरीतल्या जुन्या मशीनच्या डीलरकडून पंजाबातल्या बटाल्याचा कोन पुलीचा (पट्टा पायऱ्यांवर सरकवून वेग बदलायचा), साडेचार फुटी लेथ उचलला. घरामागच्या दहा बाय बाराच्या शेडमध्ये तो चेनब्लॉकने उतरवला तेव्हा सासरेबुवा फक्त एवढंच म्हणाले, "आता गाडी कुठे लावणार?"

मला उभं केलं ते मिस्त्रींनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, आमच्याच गल्लीत राहायचे. मशीन बघायला म्हणून आले आणि सुरू करायच्या आधीच थांबवलं मला. बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पायावर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवली, चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा जबडा) आणि टेलस्टॉक (त्याच्या दुसऱ्या टोकाचा आधार) अशा दोन्ही टोकांना, आणि पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारत बसले. बेडला पीळ असेल तर जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला बारीक येणारच, मग टेलस्टॉकला शिव्या देऊन उपयोग नाही. आजही नवीन मशीन घेणारे हे करत नाहीत. थेट चक फिरवून व्हिडिओ काढतात.

त्यानंतर लेथ बंद आणि ग्राइंडर चालू. अर्धा इंची एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, मला लगेच घासायला मिळालाच नाही, आधी एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे चौकोनी तुकडे घासून कोन बसवायचे. मग खरा बिट. टोक निळं पडलं की मिस्त्री तो माझ्या हातातून घेऊन डब्यात टाकायचे, बोलायचे नाहीत. घासलेलं टूल अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचे. नखाला धरलं तर ठीक, घसरलं तर परत ग्राइंडरवर. एचएसएस पाण्यात बुडवत घासायचं, कार्बाइड मात्र तापलेलं पाण्यात घालायचं नाही, तडा जातो. पितळेला वरचा रेक, म्हणजे टूलच्या वरच्या बाजूचा उतार, शून्य ठेवायचा, नाहीतर टूल जॉबमध्ये घुसतं आणि सगळं जागेवर. सेंटर हाइट, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला आहे का, ते बघायला पोलादी पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकेच दाबायची. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. याला गेज लागत नाही, खर्च नाही, तरी आयटीआय करून आलेली पोरं डोळ्यांनी अंदाज घेतात.

आटे पाडण्याची गोष्ट वेगळीच. आमच्या लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची, चार टीपीआय (इंचाला चार आटे), म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, ६.३५ मिमी. आणि भोसरीची निम्मी कामं मिलिमीटरची. त्यासाठी १२७ दात्यांचं चेंज गिअर (पिचप्रमाणे बदलायचं दातेरी चाक) लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोब्बर १२७ मिमी. दीड मिमीच्या पिचला ३० चालवतं आणि १२७ चालतं, मधलं फक्त जोडायला. मशीनबरोबर हे गिअर आलं नव्हतं. डीलर म्हणाला, "कोण वापरतं साहेब?" शेवटी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी, कुकरच्या शिट्ट्या आणि मोडक्या टेबलफॅनच्या ढिगाऱ्यात ते मिळालं. विकणाऱ्याला ते नेमकं कशाचं ते माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही. मिस्त्रींनी दाते मोजून बघितले आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा स्वतःच्या पैशाने पाजला. असे आटे पाडताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवून परत यायचं, हे कोणी विचारलं नसलं तरी सांगून ठेवतो.

पहिलं गिऱ्हाईक रसवंतीवाले. सिंहगड रोडवरचे, मूळचे पुरंदर तालुक्यातले, बोर्डावर अर्थातच 'नवनाथ'. चरकाचे गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, झिजले की रोलर डगमगतो, चिपाडात रस राहतो आणि मालकाचा जीव वर-खाली होतो. जुना बुश बघून नवा काढायचा, ड्रॉइंग वगैरे काही नाही. शाफ्टही ओव्हल झालेला असायचा, म्हणून आधी तो फोर-जॉ, म्हणजे चार जबड्यांच्या चकमध्ये डायल गेज लावून खरा गोल करायचा, मगच बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक ठरवायचं. मी हा हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, "दुसरीकडे कोणी शाफ्ट मागत नाही." मी म्हटलं, म्हणून तर दरवर्षी बुश बदलता. त्यानंतर दर महाशिवरात्रीच्या आधी त्यांचा चरक आमच्याकडे.

आता त्या गृहस्थांचं. २००६ मध्ये त्यांच्याकडे जास्तीचं काम होतं, त्यातल्या पिना त्यांनी मला दिल्या. हे मी नाकारत नाही. त्या जोरावर पुढच्या वर्षी कर्ज काढून दुसरी मशीन घेतली. पिनांची क्वालिटी बघून मूळ कंपनीने मला परस्पर विचारणा केली, मी गृहस्थांना सांगूनच होकार दिला. "खुशाल घ्या," म्हणाले. मग २००८ च्या शेवटी मंदी आली. भोसरी-चाकणमध्ये शिफ्टा बंद पडल्या, आणि खुशाल म्हणणारे हे गृहस्थ माझ्याच पिनांचं कोटेशन नगामागे चाळीस पैसे कमी लावून कंपनीत बसले. मी शिकवलेला एक कामगार पोरगाही त्यांच्याकडे गेला, जाताना जॉब पकडायच्या माझ्या फिक्श्चरची कल्पना डोक्यात घेऊन. वर माझं आधीचं बिल अडकवून ठेवलं. फोन केला की, "पुढून आलं नाही हो." पुढून त्यांना वेळेवर येत होतं. कंपनीच्या अकाउंट्समधल्या माणसानेच मला सांगितलं.

हप्ते थकले. दुसऱ्या मशीनला गिऱ्हाईक बघायला लागलो. दोघं येऊन भाव पाडून गेले. त्या जानेवारीत रसवंतीवाले आले, सीझनच्या बरेच आधी. त्यांच्या भावकीत, पाहुण्यारावळ्यांत पुणे आणि आसपास किती रसवंत्या आहेत हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांचे बुश, सगळ्यांचे शाफ्ट, आणि ॲडव्हान्स रोख. "पावती नंतर करा, आधी गनमेटल आणा," एवढंच. दोन्ही मशीन मार्चपर्यंत चालल्या आणि हप्ते निघाले. भोसरीने नाही, चरकाने तारलं, हे त्या टपरीवर कोणीतरी सांगा.

मेमध्ये कंपनीचा फोन आला. गृहस्थांच्या पिना तीन शतांश जाड निघाल्या होत्या, असेंब्लीत बसत नव्हत्या. मी रेट सांगितला, जुन्यापेक्षा चाळीस पैसे वर. घेतला त्यांनी.

पुढची दहा वर्षं बरी गेली. कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं, शेडच्या जागी गाळा झाला. लॉकडाउनमध्ये सगळ्यांचं जे झालं तेच आमचं.

पैसे अडकलेल्यांसाठी एक सांगतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी ठरलेलं असलं तरी माल घेतल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती काम घ्यायच्या आधी करा. मग थकलेल्या पैशांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर टाकता येते. संबंध बिघडतील म्हणून लोक टाकत नाहीत. माझे संबंध तक्रार न करताच बिघडले.

बटाल्याचा लेथ गाळ्याच्या कोपऱ्यात आहे आणि तो विकायचा नाही, हे मुलाला लेखी दिलंय. चरकाचे शाफ्ट अजून त्यावरच होतात. गुरुवारी भोसरी बंद असते तेव्हा शिकायची इच्छा असलेली दोन-तीन पोरं येतात, त्यांना ग्राइंडरवर उभं करतो. आणखी कोणाला यायचं असेल तर यावं. हातमोजे आणि लांब बाह्या नकोत, आणि टूल बिट स्वतःचे आणा.