आधी महिना ठरवा, मग कथा

मराठवाड्यातल्या गावावर कथा लिहायची असेल, तर पहिलं वाक्य सुचायच्या आधी वहीत दोनच गोष्टी टाका: साल आणि महिना. नावं, धक्का, शेवट नंतर बघता येतं. महिना ठरला की शिवारात काय उभं आहे, घरात कोण आहे आणि हातात पैसा आहे का, हेही ठरतं. निम्मा पेच तिथंच सापडतो.

जून घ्या. मृग निघाला तरी जाणता शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल उतरायची वाट बघतो. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून घाई केली आणि पावसानं ताण दिला, तर दुबार पेरणी आली, बी-खताचा खर्च पुन्हा आला. नवरा-बायकोच्या भांडणाला याहून दणकट कारण शोधत बसू नका! सोयाबीन साधारण शंभर दिवसांत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काढणीला येतं. नेमका तेव्हा परतीचा पाऊस लागला, तर शेंगांतच कोंब फुटतात आणि गंजीवर ताडपत्री ओढायला अख्खं घर रात्री शेतात पळतं. हाच प्रसंग ऑगस्टात घातला की कथा फसली.

येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, लातूर-धाराशिवकडच्या लेखकाला आयती मिळालेली देणगी आहे. कडब्याची कोप (खोपटी), पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि शेतात जमलेले सगळे पाहुणे. ज्यांचं बोलणं बंद आहे, तेही एका पंगतीला येतात. फक्त त्या सालचं पंचांग उघडून बघा. ही अमावस्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत.

कथा बीडच्या ऊसतोड कुटुंबाची असेल, तर जानेवारीत आई-बाप गावात दाखवू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परततात. मधले महिने घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. 'कोयता' म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे कामाची आगाऊ रक्कम, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून ताप असला तरी बाई फडात उतरते. एवढं कळल्यावर मुकादमाला मिशा पिळणारा खलनायक करायची गरजच उरत नाही.

साल चुकलं तर वाचक जास्त चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. 1972 च्या दुष्काळाच्या कथेत सोयाबीन नको. तिथं खडी फोडायचं काम, त्या कामावर मिळणारी सुकडी (कोरडं पौष्टिक खाणं) आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी हवी. लातूर जिल्हा ऑगस्ट 1982 मध्ये झाला, जालना 1 मे 1981 ला, हिंगोली 1 मे 1999 ला. म्हणून 1975 सालच्या पात्राच्या पत्रावर 'जिल्हा लातूर' येत नाही. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीची कथा निजामाच्या राज्यात घडते: कचेरीतले कागद उर्दूत, नाणं निजामाच्या स्वतःच्या हाली शिक्क्याचं.

आता बोली. प्रत्येक शब्दावर अनुस्वार देऊन आणि जागोजागी 'लई' पेरून ती येत नाही. क्रियापद आणि सर्वनाम पकडा. लातूरकडं 'काय करलालास?', जालन्याकडं 'काय करू राहिला?', बीड-परभणीकडं 'मपलं-तुपलं'. तालुका एकच ठरवा, तिथली दहा-बारा रूपं वहीत लिहा आणि तेवढीच वापरा. एका संवादात एक-दोन पुरतात. जास्त झाली की वाचक अर्थ लावत बसतो आणि भांडण थंड होतं. आजी आणि पुण्यात परीक्षेची तयारी करणारा नातू एकसारखे बोलत नाहीत. नातू मित्राशी प्रमाण मराठीत बोलेल आणि आजीचा फोन आला की 'काय करलालीस गं माय' म्हणेल. या एका बदलात त्याचं सगळं घर दिसतं.

संवाद झाले की मोठ्यानं वाचा, मग त्याच तालुक्यातल्या माणसाला वाचायला द्या. गंभीर जागी तो हसला, तर का हसला ते विचारा आणि ते वाक्य त्याच्याच तोंडून पुन्हा बोलवून घ्या.