धाकट्याला जायला जागाच नव्हती

रात्री खोलीतला दिवा मालवला की आमचा थोरला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडासारखा जीव, टँकमधल्या पाइपातून बाहेर येतो. आधी लांब मिशा, मग दोन नांग्या, मग सावकाश बाकीचा तो. दोन वर्षांपूर्वी याच टँकमध्ये त्याच्याबरोबर धाकटा होता. तो कसा गेला, हे मी आजवर नीट लिहिलेलं नाही. क्रेफिश पाळणाऱ्या किंवा पाळू पाहणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल, म्हणून आज लिहिते.

दोघंही निळे नर, प्रोकॅम्बारस अलेनी जातीचे. ही जात मूळची फ्लोरिडाची. टँक दोन फुटी, साधारण ६० लिटरचा. थोरला आधी आला आणि तीन आठवडे एकटाच राहिला. जिथून आणला तिथे सांगितलं होतं की जोडी ठेवा, एकटा कंटाळेल. मला ते पटलं, कारण मी माणसाच्या मापानं विचार करत होते. क्रेफिशला सोबत लागत नाही. त्याला लागते दडायला जागा, आणि ती कुणी बळकावू नये एवढंच त्याचं म्हणणं असतं. त्यात, जो आधीपासून राहतो त्याचं पारडं जड असतं, आणि तोच आकारानंही मोठा असेल तर नव्या आलेल्याला फारशी आशाच नसते. थोरला बोटभर मोठा होता. टँकमध्ये पाइपाचा तुकडा एकच होता.

पहिलं भांडण मी काचेला नाक लावून पाहिलं. दोघं समोरासमोर आले, मिशांनी एकमेकांना चाचपलं. मग थोरला पायांवर उंच झाला आणि त्यानं दोन्ही नांग्या वर करून फाकवल्या. धाकट्यानंही तसंच केलं. दोघं असे ताठ उभे, आणि त्यांच्या तोंडासमोर पाण्यातला गाळ हळूहळू हलत होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. क्रेफिशच्या मूत्राची छिद्रं डोक्याशी, मिशांच्या मुळाजवळ असतात, आणि भांडताना तो ते समोरच्याच्या दिशेनं सोडतो. संशोधकांनी शरीरात चमकणारा रंग टोचून हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्या वासातून समोरच्याचा जोर कळतो. हा वास रोखला तर भांडणं उलट लांबतात. म्हणजे ही मारामारी आंधळी नसते. कोण वरचढ हे ठरवायचं आणि मोकळं व्हायचं, अशी तिची रीत आहे.

आणि ते ठरलंही. दहा-बारा सेकंद नांग्यांत नांग्या अडकल्या, मग धाकट्यानं शेपटीचा फटका मारला आणि उलटा उडाला. ओढ्यात किंवा तळ्यात तो त्या एका फटक्यानं दूर गेला असता, गवतात शिरला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. इथे तो मागच्या काचेवर आपटला. मिनिटभरात थोरला पुन्हा त्याच्यापुढे उभा. त्या रात्री मी वहीत मोजदाद केली: ११.२० ते १२.२० या तासाभरात चौदा वेळा पाठलाग.

धाकट्यानं हार मानली होती, पण हार मानून जायचं कुठे?

चार-पाच दिवसांत तो बदलला. मी पाण्यात खाणं टाकलं तरी तो फिल्टरच्या मागून हलेना. ही हार अगदी मज्जातंतूंपर्यंत उतरते, हे मला नंतर वाचायला मिळालं. १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की शेपटीचा फटका मारायला लावणाऱ्या मज्जापेशीचा प्रतिसाद सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनामुळे वरचढ क्रेफिशमध्ये वाढतो आणि दबलेल्यात मंदावतो. रसायन तेच, परिणाम उलटा. धाकटा नुसता घाबरट झाला नव्हता, तो आतून वेगळा प्राणी झाला होता. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

बाराव्या दिवशी वाळूत त्याची डावी नांगी पडलेली दिसली. मी स्वतःला समजावलं, कात टाकली की नवी येईल. ते खरंच आहे, तुटलेली नांगी कात टाकताना पुन्हा फुटते, सुरुवातीला लहान असते. पण कात टाकणं हाच क्रेफिशच्या आयुष्यातला सगळ्यांत नाजूक वेळ, हे मी लक्षात घेतलं नाही. त्याच दिवशी त्याला वेगळ्या भांड्यात हलवायला हवं होतं.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी टँकमध्ये अख्खं कवच पडलेलं होतं. मिशांसकट, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट. मला आनंद झाला, धाकट्यानं कात टाकली म्हणून. मग पाइपापाशी थोरला दिसला. तो खात होता. नुकत्याच कात टाकलेल्या क्रेफिशचं अंग ओल्या कागदासारखं मऊ असतं, नांगीत पकडायचं बळ नसतं. धाकट्याचं जे उरलं होतं, ते मी बाहेर काढलं.

थोरल्याला खुनशी म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. दोन फुटांच्या काचेत त्याला पळवून लावायला जागा नव्हती आणि धाकट्याला पळायला. ती व्यवस्था मी केली होती.

त्यानंतर मी एका टँकमध्ये एकच ठेवते. पोट भरलेलं असलं की भांडत नाहीत, हे मला खरं वाटत नाही. माझ्याकडे खाणं रोज उरत होतं. ज्यांना अनेक हवेतच त्यांनी मेक्सिकोचे केशरी बुटके, कॅम्बारेलस पात्झक्वारेन्सिस, पाहावेत. ते चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे वाढत नाहीत आणि बरेच सोशीक असतात. तरीही दडायच्या जागा जनावरांपेक्षा जास्त हव्यात. काही पाइप इतके अरुंद हवेत की लहान आत जाईल आणि मोठा जाणार नाही. मध्ये दगड-झाडं अशी लावावीत की या टोकाचा त्या टोकाच्याला दिसू नये. अंडी पोटाशी घेतलेली मादी असेल तर तिला एकटं ठेवावं, ती कुणालाच जवळ येऊ देत नाही.

थोरला एकटा झाल्यावरही काही दिवस एक गोष्ट होत राहिली. खोलीत अंधार आणि टँकचा दिवा चालू असला की तो काचेपुढे उभा राहून नांग्या फाकवायचा. कळायला मला तीन रात्री लागल्या. काचेत त्याला दुसरा निळा क्रेफिश दिसत होता. मी बाहेरून तिन्ही बाजूंना काळा कागद चिकटवला आणि दिवा मंद केला. तो बराच वेळ तिथेच उभा होता. मग नांग्या हळूहळू खाली आल्या, आणि तो वळून पाइपाकडे गेला.