कोणता अँटीव्हायरस टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, कराडात मला ओळखणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. "विंडोज अकरा असेल तर त्याच्यात आधीच असलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस पुरे," असं मी म्हटलं की समोरच्याचं समाधान होत नाही. फुकटातलं ते काय कामाचं, असं त्याला वाटतं. मी टाळतोय, असंही काहींना वाटतं. मी टाळत नाही.

स्पायवेअरसाठी, म्हणजे गुपचूप आपली माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, वेगळं काही लागतं का, हे लगेच पुढे येतं. वीस वर्षांपूर्वी लागायचं. मीच लोकांना एक अँटीव्हायरस आणि एक अँटीस्पायवेअर अशी जोडी टाकून द्यायचो. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरात जायंट नावाची कंपनी घेतली, तिच्या सॉफ्टवेअरवरून डिफेंडर झाला, आणि २००६ साली आला तेव्हा तो फक्त स्पायवेअरच बघायचा. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पुरा अँटीव्हायरस झाला. जोडीची गरज तिथेच संपली. विकतचा टाकायचा तर खुशाल टाका. क्विक हील तर आपल्या पुण्याचं, काटकर बंधूंनी उभं केलेलं, त्याचंही नाव लोक घेतात. पण विकतचा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. मग वर्गणी संपते आणि कोपऱ्यातली लाल खूण महिनोन्महिने कुणी उघडून बघत नाही. असं मशीन माझ्याकडे दर आठवड्याला येतं.

आता गुरुजींचं सांगतो. २०१९ चा पावसाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी मशीन घेऊन आले. बाई जाऊन वर्ष झालं होतं. बाईंचे फोटो, शाळेच्या सहलींचे फोटो आणि बाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंगं, सगळं त्या मशीनमध्ये होतं. त्यांना फोटोंचा अल्बम करायचा होता, म्हणून फोटोचं एक सॉफ्टवेअर हवं होतं. मी तीनशे रुपयांत क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, टाकून दिला. क्रॅकबरोबरच्या सूचनांत पहिलीच ओळ असते, "अँटीव्हायरस बंद करा." मी फाइल उघडली तेव्हा डिफेंडरने ती अडवली, नाव घेऊन अडवली. मी रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरचा सततचा पहारा, बंद केलं आणि तो फोल्डर तपासणीतून वगळला.

त्याच दुपारी गुरुजींनी बॅकअपची हार्डडिस्क जोडली. बॅकअप घ्या, असं मीच बजावलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "फोटो उघडत नाहीत, नावापुढे काहीतरी अक्षरं लागलीत." प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल होती. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. जोडलेल्या हार्डडिस्कवरही तेच.

तो स्टॉप-डेजेव्हीयू जातीचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस होता, क्रॅकमधूनच पसरायचा. ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने फाइली सोडवण्याचं टूल काढलं. मी रात्रभर बसलो. आमच्या फाइलींची किल्ली ऑनलाइन होती, म्हणजे त्या चोरांच्या सर्व्हरवरच. ती कुणालाच मिळणार नव्हती. नंतर कळलं की हा रॅन्समवेअर मोठ्या फाइलीचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच कुलूपबंद करतो. बाकीचा भाग शाबूत असूनही फोटो उघडेनात. ओव्यांच्या एमपीथ्री फाइली मात्र दुरुस्त झाल्या, सुरुवातीचे नऊ-दहा सेकंद सोडून. ओवीची पहिली ओळ तेवढ्यातच येते. दुसऱ्या ओळीपासून बाईंचा आवाज लागतो, मागे जात्याची घरघर.

गुरुजींना मी एवढंच सांगितलं, व्हायरस आला. तो कुणी आणला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

माझी बाजू नाही असं नाही. तेव्हा आमच्या पेठेत सगळे दुकानदार हेच करत होते. अस्सल सॉफ्टवेअरची किंमत सांगितली की गिऱ्हाईक उठून शेजारी जायचं, आणि मला दोन मुलांच्या फिया भरायच्या होत्या. तेव्हाचा मी आजही हेच म्हणतो. मी त्याला म्हणतो, डिफेंडरने तुला अडवलं होतं ना? तो म्हणतो, अशा क्रॅकवर अँटीव्हायरस नेहमीच ओरडतो, शंभरदा काही होत नाही. ते खरंच आहे, शंभरदा झालं नव्हतं.

म्हणून "कोणता" असं विचारलंत की माझा आवाज चढतो. मी क्रॅक टाकणं सोडलं. त्याने गिऱ्हाईक तुटलं, ते अजून भरून निघालेलं नाही. बॅकअप झाला की केबल काढून डिस्क कपाटात ठेवायला सांगतो. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून डिफेंडरमध्ये एक सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला फोटोंच्या फोल्डरला हात लावू देत नाही. ती मुळात बंद असते, मी चालू करून देतो. मग लोक पुन्हा फोन करतात, अमुक प्रोग्रॅम चालत नाही, ते बंद करून द्या. कधी देतो, कधी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, तोही संपला. ज्यांच्या मशीनवर अकरा चढत नाही त्यांना नवं घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि चालेल म्हणायलाही नाही.

गुरुजींची ती हार्डडिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कधी किल्ली सापडली तर, म्हणून त्यांनीच ठेवायला दिली. दिवाळीला येतात तेव्हा विचारतात.