वाचनालयाचं सर्वेक्षण आणि अठरा ओळींचा तक्ता

आमच्या पेठेतल्या वाचनालयाने यंदा सभासदांचं मत ऑनलाइन घ्यायचं ठरवलं आणि कार्यकारिणीने कच्चा फॉर्म माझ्याकडे पाठवला. सर्वेक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि या वाचनालयाची सभासद शाळेपासूनची, त्यामुळे हे काम मला मनापासून करायचं होतं. सभासदांत निवृत्त मंडळी जास्त, त्याखालोखाल स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारी मुलं. लिंक सगळ्यांना व्हॉट्सॲपवर जाणार आणि फॉर्म मोबाइलवरच भरला जाणार, हे उघड होतं.

फॉर्मचा गाभा म्हणजे गुगल फॉर्ममधला एक भलामोठा ग्रिड प्रश्न. ‘खालील सेवांबाबत आपण किती समाधानी आहात?’ आणि खाली अठरा ओळी: पुस्तकांची निवड, नवी पुस्तकं, वेळ व सुट्ट्या, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि तत्परता, वर्गणी, अनामत, दिवाळी अंक योजना, अभ्यासिका, स्वच्छतागृह... समोर ‘पूर्ण समाधानी’पासून ‘पूर्ण असमाधानी’पर्यंत पाच रकाने. कॉम्प्युटरवर असा तक्ता फार सुबक दिसतो, सगळं एका नजरेत मावतं, म्हणून समितीलाही तो आवडतो. भरणाऱ्याला मात्र तो एक प्रश्न नसतो. अठरा प्रश्न असतात.

आधी सेटिंग पाहिली. ग्रिडला तीन स्वतंत्र पर्याय असतात: प्रत्येक ओळीत उत्तर सक्तीचं करणं, एका रकान्यात एकच उत्तर चालवणं आणि ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवणं. कच्च्या फॉर्ममध्ये पहिले दोन्ही चालू होते. दुसरा पर्याय खरं तर पसंतीक्रम लावून घेण्यासाठी आहे. तो चालू असताना दोन सेवांना ‘बऱ्यापैकी समाधानी’ म्हणता येत नाही, आणि अठरा ओळींना पाचच रकाने म्हटल्यावर तो फॉर्म कुणालाच सबमिट करता आला नसता. तो बंद केला.

मग काही सभासदांच्या शेजारी बसून फॉर्म भरताना पाहिलं. समजावून सांगायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. संध्याकाळी देवघेवीच्या काउंटरजवळच्या बाकावर बसलेल्या एका काकांनी सुरुवात केली. चार ओळी झाल्यावर ते थांबले. ‘‘अहो ताई, यात नाराजी सांगायची सोयच ठेवलेली नाही का?’’ त्यांच्या स्क्रीनवर डावीकडचे तीनच रकाने दिसत होते, असमाधानाचे दोन उजवीकडे पडद्याबाहेर. बोटाने तक्ता सरकवल्यावर ते दिसले, पण सरकवताना काकांची ओळ चुकू लागली, तेव्हा त्यांनी सरकवणं सोडून दिलं. निम्मा तक्ता ओलांडल्यावर त्यांचा अंगठा दुसऱ्याच रकान्यातून सरळ खाली उतरत गेला. दिवाळी अंक योजना ते घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीतही ‘बऱ्यापैकी समाधानी’.

हा फॉर्म तसाच गेला असता, तर सभासद खूश आहेत असा निकाल आला असता आणि त्यातला किती भाग पडद्याच्या रुंदीचा, हे कुणालाच कळलं नसतं.

एकाच रकान्यातून खाली उतरत जाण्याला आमच्या क्षेत्रात स्ट्रेटलायनिंग म्हणतात. ते पकडायला काहीजण मधे एखादं उलट्या अर्थाचं विधान पेरतात, म्हणजे न वाचता तेच उत्तर देणारा उघडा पडतो. मला ते पटत नाही. दमलेला माणूस त्याने आणखी गोंधळतो आणि आपण त्यालाच दोषी धरतो. त्याला दमवणारा तक्ता आधी लहान करावा.

म्हणून तक्ता मोडला. ‘वागणूक आणि तत्परता’ यासारख्या जोडओळी वेगळ्या केल्या. गोड बोलून अर्धा तास ताटकळत ठेवणाऱ्याला माणसाने काय गुण द्यायचे? वर्गणी आणि अनामत सर्वसाधारण सभेत ठरतात, त्या ओळी काढल्या. ज्यांवर कार्यकारिणी खरोखर निर्णय घेणार होती, म्हणजे वेळ, नवी पुस्तकं, अभ्यासिका, ते सुटे प्रश्न केले आणि पर्याय एकाखाली एक ठेवले. तिथे ‘लिनिअर स्केल’ (आकड्यांची पट्टी) मुद्दाम टाळलं, कारण त्यात फक्त दोन टोकांना नावं देता येतात, मधल्या आकड्यांचा अर्थ ज्याने त्याने लावायचा. दिवाळी अंकांसाठी आधी ‘आपण योजना घेता का?’ असं विचारलं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला थेट पुढच्या विभागात नेलं. असं वळण ग्रिडच्या उत्तरावरून देता येत नाही, साध्या बहुपर्यायी किंवा ड्रॉपडाउन प्रश्नावरूनच देता येतं.

ग्रिड पूर्ण काढला नाही. जागेबद्दलच्या पाच ओळी (उजेड, पंखे, बसायची जागा, स्वच्छता, पिण्याचं पाणी) एकाच मापाने मोजता येतात, सगळ्यांच्या रोजच्या अनुभवातल्या आहेत, तिथे तो शोभतो. रकान्यांची नावं आखूड केली: चांगलं, ठीक, वाईट, माहीत नाही. चारही रकाने काकांच्या फोनवर मावले. ओळींचा क्रम बदलता ठेवला, म्हणजे शेवटी येण्याचा तोटा नेहमी पाण्यालाच नको. ज्यांना कागद हवा होता, त्यांना काउंटरवर तेच प्रश्न छापून दिले.

उत्तरं आल्यावर नवा वाद निघाला. गुगल शीटमध्ये ग्रिडची प्रत्येक ओळ स्वतंत्र कॉलम होऊन येते, त्यामुळे बेरीज करायचा मोह होतोच. कार्यवाहांना वाचनालयाचा एकच ‘सरासरी गुण’ हवा होता. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1932 साली पर्यायांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची ही मापनपद्धत मांडली, तेव्हा बेरीज होती ती एकाच मनोवृत्तीशी संबंधित अनेक विधानांची. पंखे आणि नवी पुस्तकं यांची बेरीज करून काय मोजणार? वेळेच्या प्रश्नाने हे त्यांनाही पटलं. सरासरी बरोबर मधोमध येत होती, जणू कुणाचीच तक्रार नाही. प्रत्यक्षात मधला पर्याय थोड्यांनीच निवडला होता. निवृत्त सभासद पूर्ण समाधानी होते आणि नोकरी करणारे पूर्ण असमाधानी, कारण ते हिंजवडीहून परत येईपर्यंत देवघेव बंद झालेली असते. सरासरी काढून टाकली आणि प्रत्येक पर्यायाला किती जण, तेवढंच वयोगटाप्रमाणे मांडलं.

सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणारे काही होतेच. गुगल फॉर्म फक्त सबमिट केल्याची वेळ नोंदवतो, भरायला किती वेळ लागला ते सांगत नाही, म्हणून त्यांनी घाईत भरलं की खरंच तसं वाटलं हे आकड्यांवरून ठरेना. त्यांच्यातल्या काहींनी शेवटच्या मोकळ्या चौकटीत ग्रंथपालांचं मनापासून कौतुक लिहिलं होतं. मी कुणालाच वगळलं नाही, अशी उत्तरं किती ते अहवालात वेगळं लिहिलं.

आठवड्यातले दोन दिवस देवघेव रात्री साडेआठपर्यंत चालू ठेवून पाहायचं कार्यकारिणीने ठरवलं आहे. पुढच्या वर्षी वेळेचा प्रश्न त्याच शब्दांत, त्याच पाच पर्यायांसह आणि त्याच क्रमाने विचारायचा, हेही इतिवृत्तात लिहून घेतलं आहे, म्हणजे दोन्ही वर्षांची उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतील.