मुक्काम कुणाला हवाय?

कुत्र्याला घेऊन लांब पल्ल्याची पायपीट करायची ठरली, की नकाशा आपण बघतो, रोजचे किलोमीटर आपण ठरवतो, सामानाची यादीही आपणच करतो. दुसरा प्रवासी तेवढा वेळ सॅकमध्ये तोंड घालून बसलेला असतो. मग पहिल्याच वळणावर कळतं, की आखलेला वेग कागदावरच राहणार. एखाद्या खांबापाशी साहेब थांबतात, ते ओढूनही हलत नाहीत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत. आपल्याला नुसता खांब दिसतो. इथून कोण गेलं, कधी गेलं, याची सगळी खबर त्याला लागलेली असते. आपण घड्याळ बघत उभे.

पट्टा सोडला तर वेगळीच तऱ्हा. पुढे धावायचं, मागे यायचं, झुडपात शिरायचं, पुन्हा आपण आहोत ना हे बघून जायचं. आपले पंधरा किलोमीटर झाले असतील तर त्याचे किती झाले, हे विचारूच नये.

आणि एवढं होऊनही तो ‘पुरे’ म्हणत नाही. खरी पंचाईत इथे आहे. सोबतीला माणूस असला की तो कुरकुरतो, पाय चोळतो, ‘अजून किती राहिलंय’ म्हणून जीव खातो. कुत्रा मात्र आपण उठलो की उठतो. त्या उठण्याला होकार समजायचं का, याची मला शंकाच आहे. त्याला मागे राहायचं नसतं, एवढंच.

म्हणून त्याचा थकवा आपणच ओळखायचा. जीभ लांब आणि रुंद होते, लाळ घट्ट होते, सावली दिसली की तो फतकल मारतो. त्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच. बाकी सगळा कारभार धापा टाकून चालतो. एरवी ३८ ते ३९ अंश असणारं अंग ४१च्या वर गेलं, की तो उष्माघात, आणि तो जिवावर बेततो. चपट्या नाकाच्या जातींना तर लांबच्या उन्हातल्या चालीला नेऊच नये. डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात उलटा टेकवून बघावा. सात सेकंद ठेवता आला नाही, तर त्यानेही तिथे पाय टाकू नये. आपल्या पायात बूट असतात, हे आपण फार लवकर विसरतो.

संध्याकाळची तपासणी मला मात्र मनापासून आवडते. पंजा हातात घ्यायचा, गाद्या दाबून बघायच्या, बोटांच्या बेचक्यात अडकलेलं कुसळ काढायचं. मग कानामागे, काखेत, जांघेत गोचिडी चाचपायच्या. तो डोळे अर्धे मिटून हे सगळं करू देतो, आणि तिसऱ्या पंजापर्यंत घोरायला लागतो.

असे जोडीने चाललेले लोक आहेतही. टॉम टर्सिच २०१५ साली निघाला आणि २०२२ साली जगाला वळसा घालून परतला. वाटेत दत्तक घेतलेली सवाना ही कुत्री जवळजवळ सगळा रस्ता त्याच्याबरोबर होती. त्याच्या किती तरी आधी, १९९० साली, बिल अर्विन या अंध गृहस्थांनी अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल चालून काढली, ओरिएंट नावाच्या मार्गदर्शक कुत्र्याच्या साथीने. तिथे मात्र कोण कुणाला नेत होतं हे विचारायची सोय नाही.

ही पायवाट सुमारे ३,५०० किलोमीटरची. दक्षिणेकडून निघालेल्यांसाठी ती मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते, आणि ते शिखर ज्या उद्यानात येतं तिथे पाळीव कुत्र्यांना मज्जाव आहे. वन्यप्राण्यांसाठी नियम हवेच, त्यावर वाद नाही. पण महिनोन्‌महिने बरोबर चाललेला गडी शेवटच्या चढाला खाली कुणाकडे तरी ठेवायचा आणि आपण वर जायचं! धर्मराज कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसला होता. आपण फोटो काढायला पुढे जातो.

शिखर हुकल्याचं कुत्र्याला काही वाटत नसावं. आपल्याला न घेता गेला, हे मात्र नक्की लागतं. खाली उतरल्यावर आधी बुटांची कसून झडती होते, मग पायांची, आणि शेपटी हलायची की नाही हे त्यानंतर ठरतं.