अंतोनीच्या डोंगरावर, दादाबरोबर

इजिप्तला जाऊन संत अंतोनींच्या मठात जाणार म्हटल्यावर वसईच्या माझ्या मैत्रिणीने लगेच विचारलं, "हरवलेल्या वस्तू शोधून देणारे ना?" ते नव्हेत. ते पादुआचे, तेराव्या शतकातले. त्यांनी ज्यांचं नाव घेतलं ते हे मूळचे अंतोनी, इजिप्तचेच, ख्रिस्ती मठजीवनाचे जनक मानले जाणारे संन्यासी, जन्म साधारण इ.स. २५१चा.

कैरोहून पहाटे निघालो, मी आणि दादा. तांबड्या समुद्राकाठी झाफरानाला पोचलं की गाडी आत वाळवंटात वळते. मग झाड नाही, टपरी नाही, नुसते पिवळट डोंगर. त्यांच्या पायथ्याशी एकदम खजुराची झाडं दिसतात आणि मागे उंच तटबंदी. लुटारूंच्या भीतीने पूर्वी इथे दारातून आत घेतच नसत; माणूस असो की धान्य, रहाटाच्या दोराने तटावर ओढून घेत. आमच्यासाठी फाटक उघडं होतं. काळ्या झग्यातले अबूना, म्हणजे मठातले 'आमचे बाबा', आम्हाला मठ दाखवायला निघाले. त्यांच्या टोपीवर मधोमध शिवण होती. सैतानाने अंतोनींची टोपी ओढली नि ती फाटली, त्याची ती खूण, असं ते हसत म्हणाले.

जुन्या चर्चमधली चित्रं १२३२-३३ सालची, थिओडोर नावाच्या चित्रकाराने काढलेली. शतकानुशतकांची काजळी काढल्यावर घोड्यांवरचे संत पुन्हा लखलखले आहेत. मान दुखेपर्यंत बघत राहिले. मठाचा झरा मात्र मी भर्रकन पाहिला. तो दिवसाला लाखभर लिटर पाणी देतो म्हणे, पण माझं लक्ष वरच्या गुहेकडे होतं.

हजाराहून जास्त पायऱ्या, तळापासून सुमारे ३०० मीटर चढ. दादाचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून दर वळणावर थांबायचं आणि मी त्याला गोष्ट सांगायची. अंतोनी अठरा-वीस वर्षांचे असताना आईवडील गेले. घरची जमीन ३०० अरूरा, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनेकशे एकर, आणि पदरात धाकटी बहीण. चर्चमध्ये 'जे आहे ते विकून गरिबांना दे' हे वचन कानी पडलं. जमीन गावाला देऊन टाकली, सामान विकून पैसे वाटले, बहिणीसाठी थोडे बाजूला ठेवले. पुढे एकदा 'उद्याची चिंता करू नका' ऐकलं आणि तेही वाटले. बहिणीला धर्मव्रती कुमारिकांकडे सोपवलं.

"आणि तिला विचारलं?" दादाने धापा टाकत विचारलं.

मलाही नेमकं तेच खटकलं होतं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने अंतोनींचं चरित्र लिहिलं, पण त्यात तिचं नावही नाही. एवढंच लिहिलंय की पुष्कळ वर्षांनी अंतोनींना ती भेटली तेव्हा म्हातारी झाली होती आणि इतर कुमारिकांना तीच मार्ग दाखवत होती. म्हणजे भावाच्या आधी तिचा मठ उभा होता म्हणायचा!

भाऊ मात्र माणसांपासून पळत होता. एका पडक्या किल्ल्यात वीस वर्षं एकटा राहिला, तर शिकायला आलेल्यांनी दारच मोडलं. शेवटी तो या डोंगरात आला. इथेही लोक येत राहिले. त्यांना वाढायला त्याने भाजी लावली, झऱ्याला आलेली जनावरं ती तुडवायची, तर त्यांनाच समजावलं म्हणे! हाताला काम म्हणून टोपल्या विणायच्या, मध्येच उठून प्रार्थना, परत टोपली. वयाच्या १०५व्या वर्षी, इ.स. ३५६ मध्ये, दोन शिष्यांना सांगून गेला की माझा देह कुठे पुरला ते कुणाला कळू देऊ नका.

गुहेचं तोंड इतकं अरुंद की बूट काढून, आडवं होऊन सरकत जावं लागतं. दादा मध्येच अडकला. मागे इजिप्तच्या एका शाळेची पोरं रांगेत उभी होती. त्यांनी 'यल्ला, यल्ला' करत त्याला आत ढकललं. आत एक छोटी खोली, मेणबत्त्या, चिठ्ठ्या आणि माणसांच्या श्वासाची ऊब. ज्याला एकटं राहायचं होतं त्याच्या गुहेत आम्ही अकरा जण उभे होतो.

उतरताना दादा बराच वेळ गप्प होता. खाली बसून बुटांच्या नाड्या बांधताना म्हणाला, "आईच्या बांगड्या तुझ्याच आहेत हं. मी त्या कुणाला वाटलेल्या नाहीत."